तीन नंबरचा कॅम नेमका केवढा?

बांगड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक 'दोन-सहा दाखवा' म्हणतं आणि कासार नेमका तोच डबा खाली काढतो. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांपैकी सहा भाग, हा बांगडीचा आतला व्यास. बांगडी तुळशीबागेत घ्या की कोल्हापुरात, काचेची घ्या की लाखेची, दोन-सहा म्हटलं की माप तेच. आकड्यामागे एक ठरलेली लांबी आहे, म्हणून हे जमतं.

आता प्रस्तरारोहणाच्या मार्गवर्णनात असतं तसं एक वाक्य घ्या: 'दुसऱ्या टप्प्यातल्या भेगेला ३ नंबरचे दोन कॅम लागतात.' वाक्य साधं आहे, आकडाही दिलेला आहे. पण वेगवेगळ्या कंपन्यांचं साहित्य वापरणारे तिघे हे वाचून निघाले, तर एकाच्या कमरेला जेमतेम बोट शिरेल एवढ्या भेगेत बसणारा कॅम असेल, दुसऱ्याच्या कमरेला तळहात आत जाईल अशा भेगेतला आणि तिसऱ्याच्या कमरेला अख्खी मूठ मावेल अशा भेगेतला. तिघांनीही सूचना तंतोतंत पाळलेली असेल. त्यांच्यातल्या दोघांना आपली चूक कळेल ती जमिनीपासून तीस मीटर उंचीवर, जिथून साहित्य बदलून आणायला परत जाता येत नाही.

हे असं का होतं हे समजून घ्यायचं, तर आधी ही साधनं काम कशी करतात ते पाहायला हवं.

भेग, नट आणि कॅम

कातळ चढण्याच्या एका पद्धतीत भिंतीत बोल्ट ठोकत नाहीत. लीड करणारा, म्हणजे दोराचं टोक घेऊन पुढे जाणारा, वाटेतल्या भेगांमध्ये तात्पुरती साधनं अडकवतो आणि त्यांतून आपला दोर ओवत वर सरकतो. खाली दुसरा जोडीदार दोर सांभाळतो. लीडर शेवटच्या साधनाच्या दोन मीटर वर असताना हात सुटला, तर तो किमान चार मीटर पडतो, दोराचा ताण आणि ढील त्यात आणखी भर घालतात. पुढचं सगळं त्या शेवटच्या साधनावर अवलंबून असतं. मग मागून येणारा जोडीदार सगळी साधनं काढून घेतो आणि कातळ होता तसा राहतो.

या साधनांचे मुख्य प्रकार दोन. पहिला नट: तारेच्या फासाला जोडलेला, खाली निमुळता होत जाणारा धातूचा ठोकळा. भेग जिथे खालच्या बाजूला अरुंद होते तिथे तो वरून सोडायचा आणि खाली ओढून घट्ट बसवायचा. १९५०च्या दशकात ब्रिटनमधले गिर्यारोहक यंत्रांचे खरेखुरे नट घेत, आतले आटे घासून काढत आणि त्यांतून दोरी ओवून ते भेगेत अडकवत. नाव तिथूनच चिकटलं.

नटाला भेग निमुळती लागते. सरळसोट, दोन्ही भिंती समांतर असलेल्या भेगेत तो घसरून खाली येतो. तिथे दुसरा प्रकार कामाला येतो, तो म्हणजे कॅम. मध्ये आस, त्यावर वक्र कडेचे तीन किंवा चार लोब, त्यांना स्प्रिंग आणि खाली बोटांनी ओढायचा खटका. खटका ओढला की लोब मिटतात, साधन अरुंद होतं आणि भेगेत शिरतं. खटका सोडला की लोब उघडून दोन्ही भिंतींना टेकतात.

खाली ओढलं की बाहेर दाबतो

कॅमची सगळी करामत लोबच्या कडेच्या वळणात आहे. ते वर्तुळाचं वळण नसतं. गणितात ज्याला लॉगरिदमिक सर्पिल म्हणतात, त्या वक्राचा तो तुकडा असतो. या वक्राचा गुण असा की लोब अर्धा मिटलेला असो वा जवळजवळ पूर्ण मिटलेला, भिंतीला तो ज्या कोनात टेकतो तो कोन बदलत नाही. रे जार्डिन हा एरोस्पेस क्षेत्रात काम केलेला अमेरिकन अभियंता. त्याने १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये आपली साधनं घडवली आणि वापरली. 'फ्रेंड' नावाने ती १९७८ मध्ये ब्रिटनच्या वाइल्ड कंट्री कंपनीने बाजारात आणली. त्यांत हा कोन सुमारे पावणेचौदा अंश ठेवलेला होता.

या कोनामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. पडणाऱ्या माणसाचा जेवढा भार कॅमला खाली ओढतो, त्याच्या साधारण दुप्पट जोराने लोब प्रत्येक भिंतीवर बाहेरच्या दिशेने दाब देतात. दाब वाढला की घर्षण वाढतं आणि ते घर्षणच साधनाला घसरू देत नाही. भार जितका जास्त, पकड तितकी जास्त. कातळ ओला किंवा गुळगुळीत असेल तर हे गणित बिघडतं. तो या लेखाचा विषय नाही, पण 'भेग पावसानंतर दोन दिवस ओली राहते' ही नोंद मार्गवर्णनात का असावी, ते यावरून कळेल.

मग एकच मोठा कॅम घेऊन सगळ्या भेगांत का वापरता येत नाही? कारण लोब मिटण्याला मर्यादा आहे. एका आसेच्या कॅमची सर्वांत जास्त रुंदी सर्वांत कमी रुंदीच्या साधारण दीडपट असते. १९८७ मध्ये आलेल्या कॅमलॉट नावाच्या कॅमने दोन आसा वापरून हे प्रमाण १.७ पर्यंत नेलं. म्हणजे बोटाच्या टोकापासून मुठीच्याही पलीकडच्या भेगांसाठी आठ-दहा कॅमची मालिका लागते.

त्यातही कॅमच्या पल्ल्यातली प्रत्येक रुंदी सारखी चांगली नसते. लोब निम्मे ते पाऊण मिटलेले असतात तेव्हा कॅम सर्वांत भरवशाचा असतो. फार उघडलेला असेल तर दोराच्या हेलकाव्याने जरासा सरकला तरी त्याची टोकं सुटतात. फार मिटलेला असेल तर तो भेगेत असा रुतून बसतो की काढताना जोडीदाराला घाम फुटतो.

एक उदाहरण मिलिमीटरमध्ये करून पाहू. ब्लॅक डायमंड कंपनीच्या कॅमलॉटचा २ नंबर ३७ ते ६५ मिमी भेगेत बसतो, ३ नंबर ५१ ते ८८ मिमीमध्ये. भेग ६० मिमी असेल तर कागदावर दोन्ही चालतात. प्रत्यक्षात २ नंबरचा जवळजवळ पूर्ण उघडलेला राहील, तर ३ नंबरचा पाऊण मिटलेला, म्हणजे मनासारखा. भेग ५० मिमी असेल तर चित्र उलटतं: २ नंबर निम्म्याहून थोडा जास्त मिटतो आणि उत्तम बसतो, ३ नंबर आत शिरतच नाही. केवळ दहा मिलिमीटरच्या फरकाने साधन बदललं. 'तळव्याएवढी भेग' या वर्णनात हे दहा मिलिमीटर सहज हरवतात.

एका आकड्याचे चार अर्थ

फ्रेंड आले तेव्हा त्यांना क्रमांक दिले गेले, १, २, ३. नंतर मधली मापं आली म्हणून १.५, २.५ असे अर्धे आकडे घुसले. ते क्रमांक म्हणजे लांबी नव्हती, फक्त क्रम होता. पुढे ज्या ज्या कंपनीने कॅम काढले, तिने आपली मोजणी आपल्या सोयीने सुरू केली आणि घोळ तिथेच झाला.

आज '३ नंबर' म्हटलं तर काय काय निघतं पाहा. कॅमलॉटचा ३ नंबर ५१ ते ८८ मिमी. वेल्समधल्या डीएमएम कंपनीच्या ड्रॅगनचा ३ नंबर सुमारे ३० ते ५० मिमी, म्हणजे कॅमलॉटच्या १ नंबराएवढा. जुन्या फ्रेंडचा ३ नंबर कॅमलॉटच्या २ नंबराच्या जवळपास. आणि मेटोलियस कंपनीच्या मास्टर कॅमचा ३ नंबर साधारण १८ ते २६ मिमी. एकाच आकड्याने १८ मिमीपासून ८८ मिमीपर्यंत हात पसरलेले आहेत.

कंपनीचं नाव लिहिलं तरी काळाची भानगड उरतेच. कॅमलॉटची सी-४ ही आवृत्ती २००५च्या सुमारास आली, तेव्हा मोठ्या मापांचे क्रमांक सरकले. आधी ज्याला ३.५ म्हणत तो नवा ४ झाला, जुना ४ होता तो नवा ५ झाला. त्याआधी छापलेल्या मार्गदर्शक पुस्तकात '४ नंबरचा कॅमलॉट हवा' असं असेल आणि आजचा वाचक आजचा ४ नंबर घेऊन गेला, तर त्याच्या हाती एक माप लहान साधन असेल. ही चूक रुंद भेगांतच होते आणि रुंद भेगांत पर्यायी साधन जवळ असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. मोठा कॅम अर्ध्या किलोच्या घरात जातो, महागही असतो. 'असू दे जवळ एखादा' म्हणून तो कुणी वर वाहून नेत नाही.

> चौकट: संदर्भासाठी एक मोजपट्टी
>
> कॅमलॉट सी-४ ची मापं, पूर्ण मिमीत. पहिला आकडा कॅमचा क्रमांक.
>
> ०.३ निळा: १४ ते २३
> ०.४ करडा: १६ ते २७
> ०.५ जांभळा: २० ते ३४
> ०.७५ हिरवा: २४ ते ४१
> १ लाल: ३० ते ५२
> २ पिवळा: ३७ ते ६५
> ३ निळा: ५१ ते ८८
> ४ करडा: ६६ ते ११५
> ५ जांभळा: ८५ ते १४९
> ६ हिरवा: ११४ ते १९५
>
> भेग बहुतेक वेळा शेजारच्या दोन मापांच्या पल्ल्यात येते. ज्या मापात लोब निम्म्याहून जास्त मिटतील, ते निवडावं.

रंग मदत करतो, पण अर्धीच

आकड्यांचा हा गोंधळ पाहून अनेक जण रंगाने बोलतात. 'तिथे एक पिवळा लाव.' भिंतीवर ओरडून सांगायला रंग उत्तमच. शिवाय डीएमएम ड्रॅगन आणि २०१६च्या सुमारास आलेले नवे फ्रेंड यांचे रंग कॅमलॉटशी जुळतात. ड्रॅगनचा ४ नंबर आणि कॅमलॉटचा २ नंबर, दोन्ही पिवळे, दोन्ही जवळजवळ सारख्या मापाचे. आकडा चुकला तरी रंग सावरून घेतो.

पण वरची चौकट पुन्हा पाहा. निळा दोनदा येतो, करडा, जांभळा आणि हिरवाही. 'दोन निळे घ्या' याचा अर्थ २० मिमीच्या भेगेसाठी की ७० मिमीच्या? आणि मेटोलियसचे रंग वेगळ्याच क्रमाने जातात. त्यांचा पिवळा बोटांच्या भेगेतला आहे, कॅमलॉटचा पिवळा तळहाताच्या. तेव्हा रंग आकड्याच्या जोडीला लिहावा, त्याच्या जागी लिहू नये. 'कॅमलॉट २, पिवळा' असं लिहिलं आणि छापताना आकडा चुकला, तर वाचणाऱ्याला विसंगती तरी दिसते.

इंच, बोटं, मूठ

अमेरिकन पुस्तकांत 'साहित्य ३ इंचांपर्यंत' अशी नोंद वर्षानुवर्षं आहे. लांबीचं एकक आलं म्हणून ती पक्की वाटते. पण तीन इंच कशाचे? भेग तीन इंच म्हणजे ७६ मिमी रुंद आहे, की ज्याचे लोब जास्तीत जास्त तीन इंच उघडतात असा कॅम पुरेसा आहे? पहिल्या अर्थाने मोठं साधन लागतं, दुसऱ्याने लहान. त्यात कॅमलॉटच्या मधल्या मापांत क्रमांक आणि इंच योगायोगाने जवळजवळ येतात, २ नंबरचा साधारण दोन इंचांच्या भेगेत छान बसतो. त्यामुळे '३' या आकड्यापुढे काही लिहिलंच नसेल, तर वाचणारा इंच आणि क्रमांक यांत आपल्या सवयीचा अर्थ घेतो.

दुसरी जुनी रीत शरीराने मापण्याची: बोटांची भेग, हाताची भेग, मुठीची भेग. चढण्याची हालचाल सांगायला ही भाषा फार चांगली आहे. हात भेगेत घालून अंगठा दुमडला की तो पक्का अडकतो, हे एका शब्दात कळतं. पण हात प्रत्येकाचा वेगळा. १९९३ मध्ये गिर्यारोहक लिन हिलने योसेमिटीतल्या एल कॅपिटानवरचा 'द नोज' हा मार्ग सर्वांत आधी मुक्त पद्धतीने, म्हणजे वजन साधनांवर न टाकता, चढून दाखवला. तिथल्या ग्रेट रूफखालच्या बारीक भेगेत तिची लहान बोटं आत जात होती, ही गोष्ट तेव्हापासून चर्चेत आहे. तिचं कौशल्य त्याने कमी होत नाही. मात्र एकीची बोटांची भेग दुसऱ्याला केवळ नखं टेकवण्यापुरती असते, एवढं त्यातून स्पष्ट होतं. हालचालीसाठी 'हाताची भेग' जरूर लिहावं, साहित्यासाठी शेजारी मिलिमीटर द्यावेत.

टिंब, आडवी रेघ, तिरकी रेघ

काही घोटाळे लिहिण्यातून जन्मतात आणि तेच मला सर्वांत चीड आणणारे वाटतात, कारण ते टाळायला काहीच खर्च येत नाही.

'.५' असं लिहिलं आणि झेरॉक्समध्ये टिंब उडालं की ५ उरतो. ०.५ कॅमलॉट २० ते ३४ मिमीचा, ५ नंबरचा ८५ ते १४९ मिमीचा. आधी शून्य लिहिलं की हा धोका संपतो.

'कॅम २-३' म्हणजे २ आणि ३ नंबरचे कॅम, की कुठलेही दोन-तीन कॅम? '३ २' म्हणजे तीन नग दोन नंबरचे, की उलट? नग अक्षरात आणि क्रमांक अंकात लिहावा: 'कॅमलॉट २, तीन नग'.

तिरकी रेघ तर आणखी फसवी. '०.४/०.५' याचा एक अर्थ दोहोंपैकी कुठलाही. दुसरा अर्थ ऑफसेट कॅम, म्हणजे ज्याचे एका बाजूचे लोब ०.४ च्या मापाचे आणि दुसऱ्या बाजूचे ०.५ च्या मापाचे असतात असं वेगळंच साधन. योसेमिटीत पूर्वी पोलादी पिटॉन, म्हणजे मेखा, ठोकून आणि उपसून भेगांना बाहेरच्या बाजूने फाकलेले खळगे पडले आहेत, तिथे साधा कॅम नीट टेकत नाही आणि ऑफसेटच लागतो. तेव्हा 'किंवा' म्हणायचं असेल तर 'किंवा' लिहावं, ऑफसेट असेल तर 'ऑफसेट' लिहावं.

'नेहमीचा रॅक (बरोबर न्यायचा साधनांचा संच) पुरे' हे वाक्यही असंच. नेहमीचा म्हणजे कुणाचा? युटामधल्या इंडियन क्रीकच्या वालुकाश्मात समांतर भेगा एकाच रुंदीने दूरपर्यंत धावतात आणि एकाच मापाचे सहा-आठ कॅम घेऊन जाणं तिथे रोजचं आहे. निमुळत्या, तुटक भेगांच्या प्रदेशात कुणी असं नेलं तर निम्मं वजन फुकट वाहिलं जाईल.

मग लिहावं कसं

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: आधी भेग सांगा, मग साधन सांगा. कंपन्या मापं बदलतील, बंद पडतील, नव्या येतील. कातळातली भेग आपल्या आयुष्यात तरी सहसा बदलत नाही. पन्नास वर्षांनी कुणी वर्णन वाचलं तरी '४५ ते ५० मिमी' याचा अर्थ तोच राहील.

एक काल्पनिक नमुना देतो. आधीचं वर्णन: 'टप्पा २: भेगेतून वर, मोठे कॅम लागतात.' तेच असं लिहिता येईल: 'टप्पा २, ३५ मीटर. १२ मीटरवर सरळ समांतर भेग सुरू होते, रुंदी ४५ ते ५० मिमी, लांबी सुमारे १० मीटर. कॅमलॉट २, पिवळा, तीन नग. वरच्या टोकाला भेग ६५ मिमी होते, कॅमलॉट ३, निळा, एक नग. त्यानंतरच्या ४ मीटरमध्ये काहीही लावता येत नाही. टप्प्याच्या टोकाला स्वतःला बांधून घ्यायच्या अँकरसाठी १५ ते २० मिमीच्या निमुळत्या भेगा, नट दोन.' आणि वर्णनाच्या सुरुवातीला एक ओळ: 'सर्व क्रमांक कॅमलॉट सी-४ चे.' या एका ओळीने निम्मे प्रश्न सुटतात. ज्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचं साहित्य आहे, तो मिलिमीटरवरून आपलं साधन शोधेल.

नटांच्या बाबतीत इतकी काटेकोर भाषा मला गरजेची वाटत नाही. डीएमएमचे वॉलनट, वाइल्ड कंट्रीचे रॉक, ब्लॅक डायमंडचे स्टॉपर, सगळ्यांचे क्रमांक निराळे आहेत, आणि एकच नट आडवा फिरवला की त्याची रुंदी बदलते. पण नट हलके असतात, पूर्ण संच जवळ असतोच. तिथे 'लहान', 'मधले' चालून जातं. अपवाद एकच: पुढची मोठी लांबी ज्या एका नटाच्या भरवशावर चढायची आहे, त्याची रुंदी द्यावीच.

भेग मोजायची कशी, असा प्रश्न येईल. भिंतीवर व्हर्नियर काढून बसायची गरज नाही. नोंद जोडीदाराने करावी, कारण वरून दोर असल्याने त्याला थांबून पाहायला उसंत असते. २ नंबरचा कॅमलॉट अर्धा मिटलेला दिसला तर भेग साधारण ५१ मिमी आहे, हे चौकटीतल्या आकड्यांवरूनच निघतं. आपल्या बोटांची, तळव्याची आणि मुठीची रुंदी घरी एकदा मिलिमीटरमध्ये मोजून पाठ केली, तर हातही मोजपट्टीचं काम करतो.

सह्याद्रीच्या कातळात

आपल्याकडचा कातळ लाव्हाच्या थरांनी बनलेला बेसाल्ट. इंडियन क्रीकसारख्या लांबच लांब समांतर भेगा इथे विरळा. भेग थोडी चालते, बंद होते, बाजूला सरकून पुन्हा उघडते. दोन थरांच्या मधला भाग अनेकदा भुसभुशीत असतो. सुळक्यांवरच्या अनेक वाटा म्हणूनच ठोकलेल्या मेखा आणि बोल्ट यांच्या आधाराने गेल्या.

जिथे कॅम वापरता येतात तिथे रुंदीइतकीच महत्त्वाची नोंद कातळाच्या पक्केपणाची आहे. कॅम दोन्ही भिंतींवर भाराच्या दुप्पट दाब देतो, हे आपण पाहिलं. भेगेची एक बाजू म्हणजे सुटत आलेला पापुद्रा असेल, तर पडणाऱ्याला सावरण्याऐवजी कॅम तो पापुद्राच उचकटून काढेल आणि तो खाली दोर धरलेल्या जोडीदाराच्या दिशेने जाईल. '५० मिमी भेग' हे वर्णन तेव्हा अपुरं ठरतं. '५० मिमी भेग, डावी बाजू पोकळ वाजते, कॅम लावू नये, उजवीकडे एक मीटरवर पक्क्या कातळात १५ मिमीची भेग, नट' इतकं लिहावं लागेल. आपल्या संस्थांच्या मोहिमांचे अहवाल लिहिणाऱ्यांनी साहित्याची यादी शेवटी एकत्र देण्याऐवजी ती टप्प्याटप्प्याच्या वर्णनात ओवली, तर पुढच्या चमूला कितीतरी जास्त कळेल.

किती सांगावं

यावर एक रास्त आक्षेप आहे. ब्रिटनमध्ये अनेक गिर्यारोहक मानतात की मार्ग पहिल्यांदा चढताना त्याबद्दल जितकं कमी ठाऊक तितकं चांगलं. भेग पाहून साधन निवडणं हाही कौशल्याचा भाग आहे आणि प्रत्येक कॅमची जागा आधीच सांगितली तर ते कौशल्य वापरायचं कुठे? मला हे म्हणणं पटतं. खालून उभं राहून जे दिसतं, ते लिहायची सक्ती नको.

पण खालून न दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या. कोपऱ्यामागे लपलेली १२० मिमीची भेग, जिला ५ किंवा ६ नंबरचा कॅमलॉट लागतो. एकाच मापाचे चार नग मागणारी वरची लांब भेग. शेवटच्या अँकरला लागणारं, वाटेत वापरून संपून जाईल असं माप. या गोष्टी वर गेल्यावर हुशारीने सुटत नाहीत, कारण साधन एक तर कमरेला असतं किंवा खाली गाडीत. एवढ्या नोंदी दिल्या आणि बाकीचं मोकळं सोडलं, तरी चढणाऱ्याचा शोधाचा आनंद शाबूत राहतो. ज्यांना काहीच वाचायचं नाही त्यांच्यासाठी साहित्याची नोंद मार्गाच्या वर्णनापासून वेगळ्या परिच्छेदात छापली, म्हणजे ती ओलांडून पुढे जाता येईल.